पिवळा पट्टा

कराटे क्लासच्या प्रवेश-अर्जात खालून दुसऱ्या ओळीवर 'पालकाची सही' असं छापलेलं होतं आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो.

"राहू द्या हो भाऊसाहेब," अनिल सर म्हणाले. "तो रकाना पोरांसाठी आहे. तुम्ही सोडून द्या."

सोडून द्या! मी शहापूरला तालुक्याच्या कचेरीत बारनिशीला. बाहेरून आलेला प्रत्येक कागद माझ्या हातून आत जातो, आतला माझ्या हातून बाहेर. चोवीस वर्षांत रकाना रिकामा ठेवलेला एक कागद मी पुढे जाऊ दिलेला नाही, आणि सुरुवात स्वतःच्या अर्जापासून करू? पण पालक आणायचे कुठून? आईवडील दोघेही वारलेले. शेवटी अर्ज घरी आणला आणि बायकोपुढे ठेवला.

"मी तुमची पालक?" सरस्वती पदराला हात पुसत म्हणाली.

"मग दुसरं कोण आहे मला?"

"बरा पोरगा गावला देवा मला. डोक्याव केस नाय नि चालला कराटे शिकाया." ती पोट धरून हसली आणि मग अर्ज नाकाशी नेऊन तिने सही केली. सही रेघेवर यायच्या ऐवजी एक बोट वर, 'वजन' या रकान्यात जाऊन बसली.

"रेघ दिसत नाय का गो तुला?" मी खेकसलो.

"बारीक छापलंय मेल्यांनी. घ्या चालवून."

मी बाणाची खूण करून शेजारी 'दुरुस्त' लिहिलं आणि आद्याक्षर मारलं.

आता या वयात हे खूळ कशाला, असं तुम्हीही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. तर अठ्ठ्याण्णव साली माझ्या रक्तात साखर निघाली. दोनशे ऐंशी. माझे वडीलही साखरेनेच गेले. बांधावर पायात काटा मोडल्याचं निमित्त झालं, आधी अंगठा कापला, मग पाऊल, आणि बावन्नाव्या वर्षी सगळंच आटोपलं. त्यानंतर एकोणीस वर्षं माझी आई दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून, दुसऱ्यांच्या चहाची वाट बघत जगली. तिला निदान मी तरी होतो. आम्हाला मूलबाळ नाही. मी बावन्नाव्या वर्षी गेलो तर सरस्वतीला कोण बघणार? रात्रंदिवस डोक्यात एवढंच. मरणाची भीती मला नव्हती असं नाही, चांगली होती. पण त्याहून जास्त भीती त्या ओट्याची होती.

डॉक्टर म्हणाले, भात बंद, गोड बंद, आणि रोज तासभर चाला.

शहापुरात चालून दाखवा. सापगावच्या रस्त्याला लागलो की पहिली स्कूटर थांबायची. "भाऊसाहेब, चालत? बसा बसा." नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, आणि उद्या त्याचाच कागद माझ्या टेबलावर येतो. पुलापर्यंत तो सोडायचा, तिथे दुसरा भेटायचा आणि परत घरी आणून सोडायचा. एके दिवशी मी तासभर फिरायला जाऊन मोजून चाळीस पावलं चाललो आणि तीन ठिकाणी चहा प्यालो. साखर तीनशे दहा झाली.

अशात कचेरीत एक पत्रक आलं. 'कराटेचे आरोग्यदायी फायदे' असं वर ठळक अक्षरात, खाली अकरा मुद्दे. रक्तदाब, मधुमेह, सांधे, झोप, एकाग्रता, आत्मविश्वास, स्वसंरक्षण वगैरे. मी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फळ्यावर लावण्याऐवजी खिशात घातलं. क्लास होता एका शाळेच्या व्हरांड्यात, संध्याकाळी. शिकवणारे अनिल सर सापगावचे. कारखान्यात पाळी करायचे आणि उरल्या वेळात तालुका सुदृढ करायचे. माणूस मनाने फार चांगला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे एका ठिकाणी तुम्हाला त्यांचा राग येईल.

अर्जासोबत फिटनेसचा दाखला लागत होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फिट नाही, मी दाखला देऊ कसा?" मी म्हटलं, "फिट होण्यासाठीच तर चाललोय." ते म्हणाले, "मग झालात की या." सर म्हणाले, "दाखल्याशिवाय वरची संघटना नाव घेत नाही." तीन आठवडे मी या दोघांच्या मध्ये फिरलो. चोवीस वर्षं मी लोकांना असंच फिरवत आलो होतो, हे तेव्हा जरा लक्षात आलं. शेवटी मजकूर मीच तयार केला: 'सदर इसम हा व्यायामास योग्य होण्याइतपत व्यायाम करण्यास योग्य आहे, सबब दाखला दिला असे.' डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून सही ठोकली.

ही बातमी शेजारच्या लडकूकाकांना लागायला वेळ लागला नाही. लडकूकाका म्हणजे डोळखांबच्या एस्टीवर जन्म काढलेले ड्रायव्हर. आता निवृत्त, आणि एस्टी नाही म्हणून आम्हाला चालवतात.

"आयक ज्ञानेश्वर," ते म्हणाले, "कराटे नको. लाकडं फोड. आमचा बाप नव्वद वर्षं जगला, रोज लाकडं फोडायचा."

"आमच्याकडे गॅस आहे काका."

"मंग आमची फोड."

मी आठ दिवस त्यांची लाकडं फोडली. मनाचा मोठेपणा म्हणा. आठव्या दिवशी ते म्हणाले की फोडलीस ती सगळी ओली होती, आता बुरशी धरणार.

क्लासचा पहिला दिवस मी विसरणार नाही. बावीस पोरं आणि मी. सगळ्यांत मोठा मुलगा सातवीत. पांढऱ्या ड्रेसची विजार मला पोटरीपर्यंतच आली, कारण त्या कंपनीने माझ्या घेराचा माणूस आणि माझ्या उंचीचा माणूस एकच असू शकतो हे लक्षात घेतलेलं नव्हतं. उंचीनुसार रांग लावली तर मी शेवटी, पट्ट्यानुसार लावली तरी मी शेवटी, कारण नवशिक्याचा पट्टा पांढरा. जोडीदार म्हणून वाट्याला आली भूमिका. चौथीतली. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, हिरवा पट्टा.

"काका, आधी मला वाकून 'ओस' करायचं," ती म्हणाली. "मी सिनिअर आहे."

मी वाकलो. मग तिने माझ्या पोटात ठोसा मारला आणि मी बसलो.

बरं, हा वाकण्याचा नियम क्लासपुरताच असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. सर म्हणायचे, शिस्त चोवीस तास. एका शनिवारी मी आमच्या साहेबांबरोबर बाजारातून चाललो होतो. साहेब नवे, नाशिकहून आलेले, फार कडक. समोरून भूमिका आईचं बोट धरून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वाट बघू लागली. मी शेंगदाण्यांच्या पोत्यामागे बघितलं, वर आभाळात बघितलं. ती हलेना. शेवटी भर बाजारात, साहेबांच्या देखत, मी त्या पोरीपुढे कमरेत वाकून 'ओस' केलं.  पुढे त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात 'वर्तणूक' या रकान्यासमोर साहेबांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

घरी परसात सराव करायचो. किंचाळी पोटातून यायला पाहिजे, असं सर सांगायचे. पहिली किंचाळी पोटातून आली त्या दिवशी लडकूकाका फावडं घेऊन कुंपण ओलांडून आले. त्यांना वाटलं, फुरसं चावलं. त्यांच्यामागून चार जण काठ्या घेऊन आले आणि त्यांनी आमची अळूची पानं झोडपून काढली. साप मिळाला नाही म्हणून ते माझ्यावरच नाराज होऊन गेले.

पण खोटं कशाला बोलू, फरक पडत होता. पोट उतरलं. कचेरीचा जिना चढताना लागणारी धाप गेली. आणि पथ्य तर मी असं पाळलं की बघत राहावं! आमच्या घरी तांदूळ धसईचा. सरस्वतीचा भाऊ दरवर्षी पोती आणून टाकतो. नवा भात शिजला की वास ओट्यापर्यंत येतो. आम्ही भातावर वाढलेली माणसं. भात नाही म्हणजे जेवलोच नाही. मी तो सोडला. नाचणीची भाकरी आणि मेथी. पातेल्यात माझ्या वाटणीचा भात उरायचा, तो मी उचलून सरस्वतीच्या ताटात घालायचो. भावाच्या घामाचा तांदूळ टाकायचा कसा? सत्यनारायण, बारसं, हळद, कुठूनही शिरा आला, लाडू आला, की पुडी तशीच घरी आणायची.

"अवो, एवढं कसं खाऊ?" ती म्हणायची.

"खा. तुला काय झालंय?"

ती खायची. वर तांब्याभर पाणी प्यायची. हल्ली फार पाणी प्यायची. मी म्हणायचो, भात अंगाला लागतोय तुझ्या. आणि ते म्हणताना मला फार बरं वाटायचं, हेही आज सांगून टाकतो. आपण त्याग करतोय आणि बायको पोटभर जेवतेय, हे बघून कुणाला बरं वाटणार नाही?

फक्त तिच्या कामातलं लक्ष उडत चाललं होतं. उसळीत खडे यायला लागले. एकदा माझी दाढ तुटली. "निवडताना डोळे कुठं असतात तुझे?" मी ओरडलो. ड्रेसची शिवण उसवली तर सुई ओवायला ती शेजारच्या पोरीला हाक मारू लागली. मला वाटलं, माझ्या कराटेचा तिला कंटाळा आला असावा. मनाला लागलं माझ्या. पण गिळलं.

पुढल्या वर्षी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा लागली. ठोसे, लाथा, आणि शेवटी हाताच्या कडेने कौल फोडायचं. कौल ज्याने त्याने घरून आणायचं. पोरांनी नवी पातळ कौलं आणली. मी स्वयंपाकघरावरचं काढून नेलं, जुनं बरं म्हणून. ते माझ्या वडिलांनी बसवलेलं कौल होतं. पहिल्या फटक्याला हात सुजला. दुसऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. परीक्षक घड्याळ बघू लागले. तेवढ्यात भूमिका रांगेतून हळूच म्हणाली, "काका, चीर आहे ती डावीकडे." तिसरा फटका चिरेवर बसला, कौल दुभंगलं, आणि बावीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा महिनाभर मी डाव्या हाताने शिक्के मारले. कित्येक अर्ज अजून तालुक्यात उलट्या शिक्क्याने फिरत असतील.

त्या संध्याकाळी पिवळा पट्टा बांधून मी घरी आलो. ड्रेस बदलला नाही. मुद्दाम बाजारातून आलो. सरस्वती ओट्यावर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून, भूमिकासारखा.

तिने माझ्याकडे बघितलं. "आलात? हातपाय धुवा."

"काही दिसतंय का तुला?"

"काय? हां, पट्टा. धुतलात वाटतं. पांढराशुभ्र झालाय."

इतका राग आला मला! वर्षभर लाथा खाल्ल्या, दाढ गेली, बापाचं कौल गेलं, आणि ही बाई चेष्टा करते? मी त्या रात्री जेवलो नाही. माझी भाकरीसुद्धा तिनेच खाल्ली असणार.

त्यानंतर महिन्याभरात अनिल सरांनी मेळावा ठरवला. 'कराटे आणि आरोग्य'. मुरबाडहून एक डॉक्टर येणार होते. बोटाला टोचून तिथल्या तिथे साखरेचा आकडा दाखवणारं मशिन आमच्याकडे तेव्हा नवीनच होतं, ते घेऊन येणार होते. सरांची कल्पना अशी, की वर्षभर कराटे करणारा एक माणूस आणि कराटे न करणारा एक साधा माणूस, दोघांची साखर स्टेजवर सर्वांसमक्ष तपासायची. करणारा मी होतो. साधं माणूस कोण? लडकूकाकांनी सुईच्या भीतीने पाय मागे घेतला.

"आमच्या हिची तपासा," मी म्हटलं. "तिला काय झालंय!"

सरस्वती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. स्टेजच्या पायऱ्या चढताना अडखळली तेव्हा मी तिचा दंड धरला आणि कानात म्हटलं, "घाबरू नको." माझं बोट टोचलं. एकशे अडतीस. सरांनी माइकवर आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. भूमिकाने शिट्टी मारली. मग सरस्वतीचं बोट टोचलं.

चारशे बारा.

डॉक्टरांनी मशिन हलवून बघितलं. "नावं बदलली असतील," मी म्हटलं. बारनिशीत असं होतं, चिठ्ठी इकडची तिकडे जाते. मी तेच धरून बसलो. "पुन्हा घ्या. तिची म्हणताय ती माझी असणार." पुन्हा टोचलं. चारशे अठरा.

आणि अनिल सर, बिचारे, तोंडाशी माइक. वर्षभर पाठ केलेलं भाषण त्यांच्या तोंडातून निघून गेलं. "बघा मंडळी! कराटे न करणाऱ्याची काय अवस्था होते ते बघा!" मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. सरस्वतीला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. तिनेही टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे तोंड करून, हसत, टोचलेल्या बोटाने. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी माइक खाली ठेवला.

ठाण्याच्या डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषध घातलं, अंधारात बसवलं, बराच वेळ तपासलं. मग मला एकट्याला बोलावलं. साखर चार-पाच वर्षांपासून असणार, म्हणाले. आणि गेल्या वर्षभरात फार वाढलेली. डावा डोळा आतून गेलाय, तो येणार नाही. उजवा लेझर मारून आहे तेवढा राखू. रंग ओळखू यायचे नाहीत, पिवळ्या-पांढऱ्यात तर आताच फरक कळत नाही त्यांना. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

काय सांगणार होतो मी त्यांना? सही वजनाच्या रकान्यात गेली होती, मी दुरुस्त लिहिलं. खडे आले, मी ओरडलो. पातेल्यातला भात रोज माझ्या हाताने उचलून मी तिच्या ताटात घातला.

येताना एस्टीत ती खिडकीशी बसली होती. "अवो," ती म्हणाली, "त्या दिवशी पट्टा पिवळा व्हता ना? मागनं लडकूकाकांनी सांगितलं मला. तुमी उपाशी झोपलात, मंग मी गप बसले. म्हटलं, आता काय सांगू, मला पांढराच दिसला."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण माणसं होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या नावाचा अर्ज घेऊन क्लासला गेलो. पालकाच्या रेघेवर सही केली, बरोबर रेघेवर. अनिल सर सवयीने "फिटनेसचा दाखला?" म्हणाले आणि म्हणता म्हणता रडायलाच लागले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सरस्वतीचे पाय धरले. "काकी, माइकवर मी जे बोललो..."

"तुमी खोटं काय बोललात?" ती म्हणाली. "च्या घ्या. बिनसाखरेचा हाय."

दाखला अर्थात मिळाला नाही. वाकायचं नाही, उड्या नाहीत, श्वास रोखायचा नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. उभ्याने हळूहळू हात चालवले तर चालेल, एवढंच. मग क्लास परसातच सुरू झाला. धसईचं पोतं आम्ही लडकूकाकांना देऊन टाकलं. ते दोन वेळा भात जेवतात आणि कुंपणापलीकडून भाताचे तोटे सांगतात.

बावन्नावं वर्ष मी पार केलं. त्रेपन्नावंही. आता माझी साखर ताब्यात आहे आणि मला त्याची लाज वाटते. रोज संध्याकाळी मी ड्रेस घालून दोन्ही तळवे छातीसमोर धरून उभा राहतो, आणि ती हातभर अंतरावर उभी राहून ठोसे मारते. "इच्, नी, सान" तिच्या जिभेवर बसत नाही. ती एक, दोन, तीनच म्हणते.

"हाय ना तुमी समोर?"

"आहे गो. मार."

कधी ठोसा तळव्यावर बसतो, कधी हुकतो आणि छातीवर येतो. मी तळवे तसेच धरून ठेवतो.

"आज पट्टा बांधलाव का?"

"बांधलाय."

"पांढराच दिसतो मला," ती जरा ओशाळून म्हणते.

"पांढराच आहे," मी सांगतो. पिवळा मी ट्रंकेत तळाशी ठेवून दिलाय. आता रोज पांढराच बांधतो.